पॅनल सगळ्यांचं तेच, हिशेब वायरीचा

मिरजेत आमचं मूळ काम मोटारी भरण्याचं. विहिरीवरच्या मोटारी, बोअरच्या सबमर्सिबल. उन्हाळ्यात रात्री उशिरापर्यंत वाइंडिंग चालायचं. सौरपंप आले तसं गिऱ्हाईकच विचारू लागलं, "हे पण बघता का?" बघू लागलो. पुढे घरांची छपरं, मग तासगाव-सावळज भागातली बेदाण्याची कोल्ड स्टोरेज. इथवर सगळ्यांची गोष्ट सारखीच, म्हणून लांबवत नाही.

आमचं वेगळेपण एवढंच, की दर देण्याआधी आम्ही वायर कागदावर ओढतो. पॅनल आणि इन्व्हर्टर (पॅनलच्या डीसी विजेची एसी करणारं यंत्र) आम्हाला ज्या भावात मिळतात, थोड्याफार फरकाने त्याच भावात शेजारच्या दुकानालाही मिळतात. वायर किती लागणार हे मात्र आखणाऱ्याच्या हातात असतं. मोटारी भरणाऱ्याला तांबं वजनावर मोजायची सवय असते. ती इथे कामाला आली.

तासगावकडचं एक कोल्ड स्टोरेज घ्या. ५४० वॅटची ९० पॅनल. कोटेशन बघून मालक म्हणाले, "केबल बाकीच्यांपेक्षा कमी कशी काय? नंतर जादा लावणार असाल तर आत्ताच सांगा." म्हटलं, "अण्णा, बसा, कागदावर दाखवतो."

१८-१८ पॅनलच्या पाच स्ट्रिंग, म्हणजे एकापुढे एक जोडलेल्या पाच माळा. चालू असताना एक पॅनल ४१-४२ व्होल्ट देतं, तेव्हा १८ चे साधारण ७५०. करंट मात्र १३ अँपिअरच. त्याच पॅनलच्या नऊ-नऊच्या दहा स्ट्रिंग केल्या, तर इन्व्हर्टरपर्यंतच्या प्लस-मायनस वायरीच्या जोड्या दुप्पट होतात आणि व्होल्टेज निम्मं असल्याने प्रत्येक जोडीत वाया जाणारी घटही टक्क्यांत दुप्पट. म्हणून स्ट्रिंग लांब करायची, पण थंडी धरून. लोड नसताना पॅनल ४९-५० व्होल्ट दाखवतं आणि पॅनलचं तापमान २५ अंशांवरून १० वर आलं की त्यात ४ टक्के भर पडते. १८ चे ९३० च्या आसपास जातात. इन्व्हर्टर ११०० व्होल्टपर्यंत सोसणारा असला की काळजी नाही.

आता खरी बचत. उभ्या लावलेल्या १८ पॅनलची ओळ २० मीटरला थोडी जास्तच भरते. शेजाऱ्याला शेजारी जोडत गेलं, तर प्लस या टोकाला, मायनस त्या टोकाला, आणि तो परत आणायला २० मीटर वायर. आम्ही एक-एक पॅनल सोडून १, ३, ५ करत १७ पर्यंत जातो आणि १८, १६ करत २ वर परततो. दोन्ही टोकं एकाच जागी. पाच स्ट्रिंगला शंभर मीटर वायर वाचते. शिवाय प्लस-मायनस जवळजवळ चालल्याने मोठा वेढा पडत नाही, म्हणजे जवळपास वीज कडाडली तरी त्यात सर्ज, म्हणजे व्होल्टेजचा अचानक झटका, कमी उठतो. यासाठी पॅनलच्या मागच्या वायरी १२०० मिलिमीटरच्या हव्यात. ऑर्डर देतानाच सांगायचं. आखूड वायरीची पॅनल आली की हा खेळ संपला.

अण्णा खूश झाले आणि लगेच म्हणाले, "मग वाचलेल्या पैशात ४ ऐवजी ६ स्क्वेअरची टाका." स्क्वेअर म्हणजे तांब्याची जाडी, चौरस मिलिमीटरमध्ये. जाड वायरीवर आपल्याकडे फार श्रद्धा! इन्व्हर्टर ६० मीटरवर धरला, तर तापलेल्या तांब्यात ४ स्क्वेअरला ९ व्होल्ट वाया जातात, ६ ला ६ व्होल्ट. फरक अर्ध्या टक्क्याहून कमी, तोही भर दुपारी. करंट निम्मा असताना टक्का निम्माच. वर्षाला ७० हजार युनिटमागे दीडशे-एक युनिट. त्यासाठी ६०० मीटर वायरीत दीडपट तांबं? नको म्हणालो.

त्यापेक्षा इन्व्हर्टरच पॅनलजवळ नेला, वर पत्र्याची सावली करून. पाच जोड्यांची डीसी वायर आखूड झाली आणि मीटरपर्यंत एकच ॲल्युमिनियमची आर्मर्ड केबल. सांगली शहरात २०१९ च्या महापुरानंतर लोक स्वतःच सांगतात, तळमजल्यावर इन्व्हर्टर नको. तिथे ही मांडणी आपसूकच पटते.

सौरपंपाला मात्र हिशेब उलटा बसतो. चोरीच्या भीतीने शेतकरी पॅनल वस्तीजवळ मागतो आणि विहीर दीडशे मीटरवर असते. नऊ पॅनलची एकच स्ट्रिंग, म्हणजे ३७० व्होल्ट. तिथे पंप चालवणारा कंट्रोलर विहिरीवर ठेवून ४ स्क्वेअरची डीसी वायर ओढली, तर गार तांब्यातसुद्धा ५ टक्क्यांवर घट येते. तिथे १० स्क्वेअर घाला म्हणून आम्हीच भांडतो.

काटकसर आम्ही कनेक्टरमध्ये करत नाही. दोन्ही बाजूंना एकाच कंपनीचा, आणि क्रिंपिंग हत्याराने. पक्कडीने दाबलेला जोड तापतो, मग वर वाचवलेल्या मीटरांना काही अर्थ उरत नाही. साधी घरगुती पीव्हीसी वायर छतावर उन्हात टाकलेली कामं दुरुस्तीला येतात, ती मुळापासून काढून परत करावी लागतात.

आता विटा, जतकडचे काही इन्स्टॉलर नुसती आखणी आमच्याकडून करून घेतात. त्याचे पैसे वेगळे. कोटेशनवर केबलचा दर मात्र आठच दिवस धरतो. तांब्याचा भाव आमचं ऐकत नाही.