नवीन चिअर जिम: स्टंट ग्रुपशी कसं जमलं

चिअरलीडिंगची जिम बदलून मी नव्या टीममध्ये आले, त्याबद्दलचा यावेळचा अपडेट स्किल्सपेक्षा माणसांबद्दल जास्त आहे. टम्बलिंग (जमिनीवरच्या कोलांट्या-उड्या) होतं तिथेच आहे, लेव्हल 2, बॅक हँडस्प्रिंगला (मागे हातांवर जाऊन परत पायांवर येणारी उडी) अजून स्पॉट (कोणाचा तरी आधाराचा हात) लागतो. पण टीममधल्या मुलींशी जमायला लागलंय आणि त्याचा सरळ परिणाम स्टंट्सवर (एकीला हातांवर उचलून धरणं) दिसतोय, म्हणून हे नोंदवून ठेवते.

इथली बरीचशी टीम आधीपासून एकत्र आहे. स्ट्रेचिंगला कोणाची जोडी कोणाशी, ब्रेकमध्ये कोण कुठे बसणार, सगळं ठरलेलं. कोणी तुसडेपणाने वागलं असं अजिबात नाही, पण नवीन माणसाला मध्ये शिरायला फट सापडत नाही. ब्रेकमध्ये काहीतरी विषय काढ, गप्पा मार, आपोआप मैत्री होईल असं सगळे सांगतात, मला ते फारसं पटत नाही. चिअरमध्ये ओळख होते ती स्टंट करतानाच, कारण तिथे न बोलता भागतच नाही, एकीचं वजन दुसरीच्या हातात असतं.

मला मेन बेस म्हणून एका ग्रुपमध्ये घातलं. ग्रुपमध्ये वर जाते ती फ्लायर, तिला खालून उचलतात त्या दोघी मेन बेस आणि साइड बेस, मागून आधार देते ती बॅक स्पॉट. पहिला प्रश्न काउंट्सचा, म्हणजे कुठल्या आकड्याला काय करायचं याचा. मला 5 ला डिप (गुडघे वाकवून खाली) आणि 6 ला वर अशी सवय, इथली बॅक स्पॉट "वन, टू, डाउन, अप" असं ओरडते आणि "डाउन" जरा लांबवते. ऐकायला फरक एवढासा वाटतो पण एक बेस आधी उठली की फ्लायर लगेच तिरकी होते. "आमच्याकडे असं करायचो" हे वाक्य मी पहिल्या दिवसापासून तोंडातून काढायचंच नाही असं ठरवलं होतं, आणि जिम बदलणाऱ्या प्रत्येकीला मी हेच सांगेन. त्यांचे काउंट घ्या. विचारायचं असेल तर "डाउन किती धरायचं गं?" एवढंच विचारा, समोरची आनंदाने दाखवते.

फ्लायरशी जमलं ते तिच्या पायामुळे. प्रेपला (फ्लायरला खांद्याच्या उंचीवर उभं धरणं) तिचा उजवा पाय माझ्याकडे असतो, एक हात टाचेखाली, एक चवड्याखाली. वर गेल्यावर तिचं वजन करंगळीच्या बाजूला सरकत होतं, खालून बघून कळत नाही पण तळहाताला बरोबर कळतं. उतरल्यावर मी तिला तेवढंच सांगितलं. ती म्हणाली, "थांब, परत जाऊ, सरकलं की बोल." मग मी खालून "आत, आत" म्हणत राहिले आणि ती अंगठ्यावर दाब देत राहिली. तिच्या घरी कोण कोण असतं हे मला माहीत नव्हतं तेव्हा ती दचकली की उजवा पाय कसा थरथरतो हे मला माहीत होतं! आता प्रॅक्टिसनंतर आमच्या लांबलचक गप्पा होतात, पण सुरुवात त्या पायापासून झाली.

साइड बेसला वेळ लागला. माझ्या जागी आधी होती ती तिची खास मैत्रीण, ती दुसऱ्या टीममध्ये गेली आणि मी आले, त्यामुळे तिला जड जाणारच ना. शिवाय ती माझ्यापेक्षा उंच, म्हणजे खांद्याच्या उंचीला दोघींचे हात एका लेव्हलला आणायचे तर तिने पाय किती वाकवायचे, मी कोपर किती उचलायची हे बसून ठरवावं लागतं. मी तिला विचारलं की थोडं लवकर येऊन फ्लायरशिवाय नुसत्या डिप्स करूया का. ती हो म्हणाली. समोरासमोर उभं राहून, पाठ सरळ ठेवून, जोर फक्त पायांतून, परत परत तेच. बोलणं कमी, पण ग्रिप घेण्याआधी ती आता माझ्याकडे बघून मान हलवते, आणि माझ्यासाठी ती खूप मोठी गोष्ट आहे.

बाकी टीमचं म्हणाल तर फुल आउटने (पूर्ण रूटीन न थांबता करणं) काम केलं. 2 मिनिटं 30 सेकंदांचं रूटीन, शेवटी डान्सपर्यंत श्वास उरत नाही. फ्लोअर 54 बाय 42 फूट, गादीच्या नऊ पट्ट्या, माझी जागा चौथ्या आणि पाचव्या पट्टीच्या जोडावर, तिथे धावत पोचायचं आणि लगेच स्टंट. असं धावताना पलीकडच्या कोपऱ्यातून कोणीतरी माझं नाव घेऊन ओरडलं, जिच्याशी मी कधी बोललेही नव्हते ती मुलगी! अंगावर काटा आला. तेव्हापासून मीही टम्बलिंगच्या रांगेत उभी असताना प्रत्येकीचं नाव घेऊन ओरडते, नावं पाठ व्हायला याच्यापेक्षा सोपी युक्ती नाही.

अजून न जमलेलं म्हणजे मागच्या ओळीतला टम्बलिंगवाला ग्रुप, त्यांचं नि माझं काम एकत्र येतच नाही. ओपन जिमला (मोकळ्या सरावाच्या वेळी) त्यांच्यातल्या एकीला माझ्या हँडस्प्रिंगला स्पॉट देशील का विचारणार आहे.

स्टंटची स्थिती: दोन पायांचं एक्स्टेन्शन (हात पूर्ण वर ताणून फ्लायरला धरणं) स्थिर, प्रेपला लिबर्टी (फ्लायर एका पायावर) टिकते पण क्रेडलला (वरून सोडून हातांत झेलताना) मी फ्लायरला अजून उंचावर पकडायला हवं. पुढे हाफ-अप (वर जाताना फ्लायरचं अर्धं वळण) चालू करतोय. त्यात ग्रिप बदलते, त्यामुळे साइड बेस आणि मी परत लवकर येऊन आधी फ्लायरशिवाय करणार, आणि बॅक स्पॉटला सांगून ठेवलंय की "डाउन" तेवढंच लांब ठेव.