२१ शिलिंग ८ पेन्सचा आठवडा

इंग्लंडमधल्या यॉर्कला जाणारा पर्यटक तिथले मिन्स्टर हे भव्य चर्च पाहतो, जुन्या तटबंदीवरून फेरफटका मारतो आणि शॅम्बल्सच्या चिंचोळ्या गल्लीत फोटो काढून परततो. माझी या शहराशी ओळख मात्र एका संसाराच्या हिशेबातून झाली.

१८९९ साली सीबोम राउंट्री यांनी यॉर्कमधल्या मजूरवर्गाची घरोघर पाहणी करवून घेतली. ११,५६० कुटुंबे, म्हणजे ४६,७५४ माणसे त्यात आली. हे गृहस्थ क्वेकर या ख्रिस्ती पंथाचे आणि शहरातल्या प्रसिद्ध कोको-चॉकलेट कारखान्याच्या मालकांच्या घराण्यातले. नवरा, बायको आणि तीन मुले यांना केवळ अंगात काम करण्याची ताकद टिकवून जगायचे असेल तर आठवड्याला किती पैसे लागतील, हे त्यांनी मांडले: अन्नाला १२ शिलिंग ९ पेन्स, भाड्याला ४ शिलिंग, आणि कपडे, कोळसा, दिवाबत्ती वगैरेंना ४ शिलिंग ११ पेन्स. बारा पेन्सचा एक शिलिंग धरला की बेरीज २१ शिलिंग ८ पेन्स होते. अकुशल मजुराची मजुरी मात्र साधारण १८ ते २१ शिलिंग होती. म्हणजे माणूस निर्व्यसनी, बायको काटकसरी, तरीही एकाच्या कमाईवर तीन मुलांचे घर या दारिद्र्यरेषेखालीच राहणार. दारिद्र्य हे आळसाचे फळ, असे मानणाऱ्या सुखवस्तू वर्गाला हे पचणे जडच गेले असणार.

त्या रकमेत काय बसत नव्हते, हे मला अधिक बोलके वाटते. कसायाकडचे ताजे मांस आठवड्यातून एकदाही नाही. वर्कहाउसमधल्या, म्हणजे गरिबांना काम करवून आसरा देणाऱ्या सरकारी आश्रयगृहातल्या, धडधाकट निराधारांनाही याहून बरे जेवण मिळे. रेल्वेचे किंवा घोडागाडीचे तिकीट नाही, अर्ध्या पेनीचे वर्तमानपत्र नाही, परगावी असलेल्या मुलाला पत्र लिहावे तर टपालखर्चाला पैसे नाहीत. बापाला तंबाखू नाही, मुलांना बाहुल्या, गोट्या किंवा खाऊच्या गोळ्या नाहीत. कारखान्यातून गाड्या भरभरून मिठाई बाहेर पाठवणाऱ्या शहरातली ही गोष्ट आहे!

सारा गरीब वर्ग जन्मभर सारख्याच हालात होता, असे नव्हे. मजुराचे बालपण तंगीत जाई, तो स्वतः कमावू लागला की जरा बरे दिवस येत, लग्नानंतर पोरे लहान असेपर्यंत पुन्हा ओढाताण, ती कमावती झाली की थोडी उसंत आणि म्हातारपणी परत तेच. दोन्ही तंगीच्या मधली ही उसंत फार तर काही वर्षांची असे.

आणि नेमक्या ओढाताणीच्या वर्षांत घरातल्या मुलाचे बूट फाटत. अशा वेळी काय करता, या प्रश्नावर एका मजुराच्या बायकोने सांगितले होते की, ती आणि मुले दुपारचे जेवण सोडतात, फार तर चहा आणि पावाचा तुकडा खातात. नवरा मात्र नेहमीसारखा कामावर डबा घेऊन जातो, आणि त्याला ती यातले काहीच कळू देत नाही.