वेलांटी आपल्या जागी

मी घरून मुद्रितशोधन करते. लेखकाकडून आलेला मजकूर साध्या टेक्स्ट फाईलमध्ये उतरवायचा आणि टर्मिनलवर, म्हणजे टाइप केलेल्या आज्ञांच्या खिडकीत, ग्रेप ही शोधाची आज्ञा लावून एकेक शब्द धुंडाळायचा, ही माझी पद्धत. जाडजूड पुस्तकात 'परिस्थिती'ची वेलांटी कुठे कुठे चुकली आहे, ते एका आज्ञेत समोर येतं.

पण इतकी वर्षं हे काम एक्सटर्म या जुन्या टर्मिनल प्रोग्रॅमवर चाललं होतं आणि त्यात मराठीचे हाल बघवत नव्हते. 'कविता'ची वेलांटी 'व'ला सोडून 'त'च्या डोक्यावर. 'धर्म'चा रफार गायब; 'ध', मग पाय मोडलेला 'र', मग 'म'. ऱ्हस्व-दीर्घ तपासणं हाच जिचा धंदा, तिने वेलांटी मनातल्या मनात जागेवर नेऊन वाचायची म्हणजे डोळ्यांना केवढा ताप!

कारण समजून घेतलं. युनिकोडमध्ये, म्हणजे संगणकाच्या अक्षरसंकेतात, ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या नंतर साठवतात आणि काढताना मात्र आधी काढावी लागते. एक्सटर्म १९८४चा, आणि त्याच्यासमोर नमुना होता १९७८च्या व्हीटी१०० या टर्मिनल-यंत्रांच्या घराण्याचा: ८० रकाने, २४ ओळी, एका घरात एक अक्षर. आपली जोडाक्षरं त्या घरात मावत नाहीत.

म्हणून एमएलटर्म हा दुसरा टर्मिनल प्रोग्रॅम घेतला. डेबियन या लिनक्स प्रणालीत तो तयार मिळतो. उघडला तर तोच गोंधळ, कारण ओपनटाइपची मांडणी, म्हणजे फॉन्टमधल्या नियमांनी अक्षरं जुळवणं, मुळात बंद असते. त्याच्या 'मेन' नावाच्या फाईलमध्ये ती सुरू केली, रकान्यांची रुंदी अक्षरागणिक बदलू दिली. फॉन्टच्या फाईलमध्ये देवनागरीच्या पट्ट्यापुरता मुंबईच्या 'एक टाइप' या संस्थेचा मुक्ता फॉन्ट लावला, बाकी सगळं जुन्याच मोनो, म्हणजे एकसारख्या रुंदीच्या, फॉन्टवर. उकारांची टोकं खालून कापली जात होती. दोन ओळींमधलं अंतर वाढवल्यावर तीही सुटली. पार्श्वभूमी फिकट पिवळी, प्रुफाच्या कागदासारखी. विम या मजकूर संपादित करायच्या प्रोग्रॅममध्ये लांब ओळीवर कर्सर अजून थोडा सरकतो, कारण विम आपले रकाने स्वतःच मोजतो. ते मी चालवून घेते. 'कविता' 'कविता' दिसली तेव्हा मी खरंच दोन मिनिटं नुसती बघत बसले.

पुढच्याच आठवड्यात एका प्रवासवर्णनात 'दऱ्या' शोधला. नऊ ठिकाणी सापडला. वाचताना तर त्याहून कितीतरी जास्त वेळा दिसला होता! मग न सापडलेली एक ओळ उचलून एक्सटर्ममध्ये टाकली. तिथे 'र'खाली नुक्ता, म्हणजे खालचं टिंब, नव्हताच. हा चंद्रकोरीसारखा अर्धा र दोन तऱ्हांनी लिहिता येतो: नुक्त्याचा 'ऱ' घेऊन त्याचा पाय मोडायचा, किंवा साध्या 'र'चा पाय मोडून पुढे न दिसणारं जोडचिन्ह घालायचं. एमएलटर्ममध्ये दोन्ही हुबेहूब सारखे. ग्रेपला मात्र ते दोन वेगळे शब्द. एक्सटर्ममध्ये दुसरा प्रकार थेट 'दर्या'सारखा दिसतो, म्हणजे डोंगरातल्या दऱ्यांचा समुद्रच.

सेड या शोधून बदलणाऱ्या आज्ञेची एक ओळ लिहून सगळे जोडचिन्हवाले पहिल्या तऱ्हेत आणले. पुन्हा ग्रेप लावला: तेवीस. आता नवा मजकूर आला की आधी ती ओळ चालवते, मग वाचायला बसते, आणि शंका आली तर बघायला एक्सटर्मची छोटी खिडकी कोपऱ्यात उघडी असते.