फिशटँकचं झाकण आधी मागच्या कोपऱ्यात बघा

माझा धंदा ॲल्युमिनिअमच्या खिडक्यांचा. अंबडला गाळा आहे, सरकत्या खिडक्या आणि डासांच्या जाळ्या करून देतो. घरी सिडकोत तीन फुटी टँक आहे. त्यामुळे नाशकातल्या ओळखीच्या शौकिनांच्या टँकची झाकणं हळूहळू माझ्याकडेच यायला लागली. प्रत्येकाला जे तोंडी सांगतो ते इथे लिहून ठेवतो.

"झाकण होतं, तरी मासा फरशीवर सापडला," असं कुणी म्हणालं की मी आधी मागचे दोन कोपरे बघतो. फिल्टरची नळी, हिटरची वायर, एअर पंपाची ट्यूब, सगळं तिथूनच आत जातं आणि त्यासाठी काच कापलेली असते. कापणाऱ्याने हात सैल ठेवलेला असतो. फिल्टरचं पाणीही बहुतेक तिथेच पडतं, आणि झेब्रा डॅनिओसारखे मासे धारेवर चढायला तिथेच गोळा होतात. रुपयाच्या नाण्याएवढं भोक त्यांना पुरतं. वाम तर उडी मारतच नाही, नळीला अंग लावून सरकत वर येते आणि फटीतून बाहेर पडते. म्हणून नळ्यांभोवतीची जागा फिल्टरच्या स्पंजाचा तुकडा कापून गच्च भरा. दहा रुपयांचं काम आहे, पण सगळ्यात जास्त मासे त्यानेच वाचतात.

काही मासे उडी मारणारच, तो त्यांचा स्वभाव आहे. हॅचेटफिशच्या छातीचे स्नायू उडीसाठीच घडलेले असतात. किलीफिश तसेच. ॲरोवाना रानात पाण्यावरच्या फांदीवरचा किडा झेप घेऊन पकडतो, त्याला तुमच्या हॉलमधला पंखा आणि फांदी यांतला फरक कसा कळावा? आपली मरळ ओल्या गवतातून एका डबक्यातून दुसऱ्यात जाते, हवेतून श्वास घेऊ शकते. तिच्या जातीतले छोटे चन्ना हल्ली पुष्कळ जण पाळतात. त्यांना नुसती ठेवलेली काच पुरत नाही, ते डोक्याने ती उचलतात. तिथे क्लिप हवीच.

पण जो मासा कित्येक महिने शांत होता आणि अचानक उड्या मारायला लागला, त्याचं दुखणं पाण्यात किंवा सोबत्यांत शोधायचं. इंदिरानगरच्या एक ताई म्हणाल्या, "दादा, आमची गोरामी सारखी उडते. जड काच बसवून द्या." मी म्हटलं, "ताई, काच देतो, पण आधी जरा बसून बघू या." थोडा वेळ बघितलं तर नर मादीला या टोकापासून त्या टोकापर्यंत पळवत होता, आणि टँकमध्ये लपायला एक पानही नव्हतं. वर तरंगणारी हॉर्नवर्ट ही पाणवनस्पती दाट सोडली, एका बाजूला लाकूड आडवं टाकलं. उड्या थांबल्या. नुसती जड काच बसवली असती तर ती मादी त्याच काचेवर डोकं आपटत राहिली असती, आणि ते मला बघवलं नसतं.

पाण्याचंही तसंच. नवा टँक, फिल्टर अजून मुरलेला नाही, म्हणजे त्यात घाण पचवणारे जिवाणू तयार झालेले नाहीत. अमोनिया वाढलं की माशाच्या कल्ल्यांची आग होते, नायट्राइट वाढलं की त्याचा जीव गुदमरतो, आणि तो वाट फुटेल तिकडे पळतो. आपल्याकडे बहुतेक गंगापूर धरणाचं पाणी येतं. पावसाळ्यात नळाला क्लोरीनचा वास जास्त आला तर अँटीक्लोरीन टाकल्याशिवाय पाणी बदलू नका. लाइट गेली की एअर पंप बंद पडतो. मासे वर येऊन तोंड उघडमीट करतात आणि त्यातलाच एखादा उडतो, म्हणून बॅटरीवरचा पंप घरात असू द्या. नवीन मासा आणलेल्या रात्री टँकचा दिवा लावू नका. खोलीतला मोठा दिवाही एकदम बंद करू नका, लहान दिवा थोडा वेळ राहू द्या. काठापासून दोनतीन इंच पाणी कमी ठेवलं तर उडीची उंची तिथेच मोडते.

आता माझ्या हातातलं काम. दोनतीन फुटी टँकला मी खिडकीच्या जाळीचाच हलका सेक्शन, म्हणजे चौकटीची ॲल्युमिनिअमची पट्टी, वापरतो. माप आतल्या काठाचं, चारही बाजूंनी घ्यायचं, कारण टँक क्वचितच काटकोनात असतो. काळी फायबर जाळी उजेड खाते आणि झाडं खुरटतात, म्हणून पांढरी पारदर्शक नायलॉन जाळी रबराने ताणून बसवायची. गॅल्व्हनाइज्ड तारेची जाळी मी कुणालाच देत नाही. तिच्यावरून थेंब परत पाण्यात पडतात आणि जस्त माशांना बाधतं. ॲक्रिलिक शीट खालून ओलं आणि वरून कोरडं राहिलं की महिन्याभरात वाकतं, आणि कोपरा उचलला गेला की फट तयार. काच हवी असेल तर दोन फुटांपर्यंत चार मिलिमीटरची चालते, दोन तुकड्यांत करा म्हणजे खाणं टाकायला एकच उचलता येईल. सिलिकॉन लावायचं तर बुरशीरोधक बाथरूमवालं घेऊ नका, त्यात विष असतं.

फायटर (बेटा) मासा असेल तर जाळीपेक्षा काचच बरी. तो पाण्यावरची हवा घेतो, आणि नाशिकच्या डिसेंबर-जानेवारीत ती हवा बोचरी असते. काचेखाली ती उबदार आणि दमट राहते.

आणि सगळं करूनही मासा खाली पडलेला दिसला तर तो मेलाच असं धरू नका. हात ओले करा, उचला, अंगाची धूळ टँकच्याच पाण्यात हलकेच धुवा आणि परत सोडा. कल्ला किंचित हलला तरी आशा आहे. फायटर, गोरामी आणि मरळ ओलसर असतील तर बाहेर बराच वेळ तग धरतात. दिवा बंद ठेवा, त्या दिवशी खाणं देऊ नका, आणि तो कुठून बाहेर पडला ते त्याच संध्याकाळी शोधा, बाकीचे अजून आत आहेत.