तारपावाला कुठे गेला

शनिवार, रात्री साडेअकरा

पाय मोडलेत पण लिहून टाकते नाहीतर उद्या राहून जाईल. ऑफिसमधली एक जण महिनाअखेरीला कॅनडाला चाललीय, कायमची, तिच्यासाठी १५०० रुपये वर्गणी जमली आणि गिफ्ट आणायचं काम कसं कोण जाणे माझ्या गळ्यात पडलं. "काहीतरी आपलं वाटेल असं आण" एवढीच सूचना. जांभळी नाक्याला तेच ते गणपती नि फोटोफ्रेम, म्हणून वहिनी म्हणाली ताई चला, मुंबईत म्युझियमचं दुकान असतं ना तिथे बघू, आज ब्लॉक पण नाहीये. ठाण्याहून सेमी फास्ट मिळाली, बसायला नाही मिळालं, ते असो.

म्युझियम आम्ही पाऊण तासात उरकलं आणि दुकानात सव्वा तास काढला, खरं सांगायला काय लाजायचं. एसी, चंदनाचा वास, मधुबनीचे दुपट्टे, गोंड चित्रांची कानातली, आणि वारली तर कशावर नव्हती ते विचारा. मग, कोस्टर, फ्रिजचं मॅग्नेट, लॅपटॉपची पिशवी, चष्मा पुसायचं फडकं सुद्धा.

मी एक मग उचलला, ४५० चा. विटकरी रंग आणि भोवती पांढरी माणसं हात गुंफून. तारपा नाच, तारपा म्हणजे वारल्यांचं फुंकून वाजवायचं वाद्य. फिरवून फिरवून बघते तर माणसं नाचतायत नाचतायत, कानापाशी दोन बोटं मोकळी जागा, परत नाच सुरू, आणि तारपा वाजवणारा कुठेच नाही! अहो तो वळेल तसं सगळं रिंगण वळतं, त्याच्याकडे पाठ करायची नसते, आणि इथे तोच गायब. काउंटरवरच्या मुलीला विचारलं तर म्हणे मॅडम ते पॅटर्न आहे, रिपीट होतं. तिची काय चूक म्हणा.

मला हे कळतं कारण बाबा डहाणूकडे झेडपीच्या शाळेत होते, चौथीपर्यंत आम्ही तिकडेच. शेजारच्या वारली पाड्यावर लग्न होतं तेव्हा आई मला घेऊन गेलेली. कुडाची भिंत, शेणाने सारवून वर गेरू, आणि दोन सवाशिणी उकिडव्या बसून चौक लिहीत होत्या. चित्र काढतात असं नाही म्हणत तिकडे, चौक लिहितात, आणि मधे पालघट देवी, ती असल्याशिवाय लग्न लागत नाही. बांबूची काडी एका टोकाला चावून मऊ करायची, तांदळाच्या पिठात डिंक कालवलेला त्यात बुडवायची. मी कोणाचं लक्ष नाही बघून त्या वाटीत बोट घालून चाटलं होतं. ओठ चिकटले. त्या दोघी इतक्या हसल्या की एकीची रेघ वाकडी गेली आणि तिने तिथेच त्या रेघेला झाड करून टाकलं.

तर, दुकानात आतल्या बाजूला काचेमागे कापडावरचं एक खरं चित्र होतं, हाताने केलेलं, २४०० रुपये, कोपऱ्यात बॉलपेनने नाव गाव लिहिलेलं. त्यात तारपावाला होता, गाल फुगवलेला (टिंबाएवढं डोकं, त्याला गाल कुठून येणार, पण मला दिसले). वहिनी म्हणाली वरचे ९०० आपण घालूया का. मी पाच मिनिटं विचार केला आणि खरंच सांगते, जिच्याशी माझं दोन वर्षांत लिफ्टमधे "हाय" पलीकडे बोलणं झालं नाही तिच्यासाठी ९०० रुपये निघेनात हातातून. शेवटी तो ४५० चा मगच घेतला आणि एक ब्लॉक प्रिंटचा स्टोल. मगाच्या बुडाला स्टिकर आहे, दुकानाचं नाव, बारकोड, मायक्रोवेव्ह सेफ. बस.

घरी आल्यावर बाबांना दाखवला. चष्मा लावून त्यांनी एकदा फिरवला आणि, "अगं, तारपावाला कुठे गेला?" मग काय, तासभर सुटका नाही. पूर्वी हे फक्त बायकांचं आणि लग्नापुरतंच काम, पुढे सत्तरच्या दशकात गंजाडचे जिव्या सोमा मशे कागदावर काढायला लागले, तेही रोज, लग्न असो नसो. २०११ ला पद्मश्री मिळाली, २०१८ ला गेले. आणि तेव्हा डहाणू आपल्याच ठाणे जिल्ह्यात होतं, पालघर वेगळा झाला २०१४ च्या ऑगस्टमधे, हे बाबा असं सांगतात जसं काय घरातली वाटणी झाली. त्याच वर्षी वारलीला जीआय (ही कला त्याच भागातली, अशी सरकारी नोंद) मिळालं, ते मी सांगितलं. बाबांनी परत मगाचं बूड बघितलं आणि काही बोलले नाहीत.

मग पेपरात गुंडाळून खोक्यात ठेवलाय, सोमवारी नेईन. आत्ता झोपायच्या आधी बाबा दारात येऊन विचारून गेले, ते कापडावरचं चित्र कोणाचं होतं गं, ओळखीचं नाव असेल एखाद वेळेस, आपल्या शाळेतलं पोर असेल. मला ता. डहाणू एवढं आठवलं. नाव वाचलं होतं की नाही तेच आठवत नाहीये.