सेप्टिक टँकची परवानगी आणि शेजारची विहीर

घर झालं, टँक वापरात आली, एक पावसाळाही निघाला. तरी परवानगीच्या कार्यालयातल्या त्या एका टेबलाची चीड अजून जात नाही, म्हणून हे लिहिते आहे.

आमचं घर रत्नागिरी जिल्ह्यात, खाडीकाठच्या गावात. उताराची जागा, वर रस्ता, खाली पोफळी. परसातला जुना संडास पाडून घरातच दोन संडास-बाथरूम करायची आणि मागे सेप्टिक टँक आणि तिच्यातून निघणारं पाणी जमिनीत जिरवणारा शोषखड्डा, असा बेत होता. सातबारा, नमुना 8 चा उतारा, घरपट्टीची पावती, इंजिनिअरचा नकाशा हे सगळं पटापट जमलं. सातबारा सामायिक असेल तर सहहिस्सेदारांच्या संमतीच्या सह्या गणपतीत घेऊन ठेवा. एकदा चाकरमानी परत गेले की एकेका सहीसाठी विरार ते पनवेल फिरावं लागतं.

नकाशात दोन्ही विहिरी दाखवल्या होत्या. आमची वरच्या अंगाला, शेजाऱ्यांची खालच्या. शोषखड्ड्यापासून शेजारच्या विहिरीपर्यंत 21 मीटर. भारतीय मानकाप्रमाणे पिण्याच्या पाण्यापासून किमान 18 मीटर आणि राहत्या घरापासून 6 मीटर अंतर लागतं. दोन्ही बसत होतं. तरी फाइल अडली ती याच विहिरीवर.

त्या टेबलावरून सांगितलं, "ताई, शेजाऱ्यांची नाहरकत आणा." शेजारी डोंबिवलीला, घराला कुलूप. शेजारच्या काकांना फोन केला, त्यांनी बिचाऱ्यांनी लगेच सही करून कागद कुरिअरने पाठवला. तो नेला तर म्हणे स्टँपपेपरवर हवी. स्टँपपेपरवर आणली तर नोटरी हवी. नोटरी करून आणली तेव्हा कळलं की विहिरीची जमीन अजून काकांच्या वडिलांच्या नावावर आहे, वारसनोंद झालेली नाही, तेव्हा सगळ्या वारसांची नाहरकत हवी. वारसांत एक आत्या बडोद्याला, एक चुलतभाऊ कुठे आहे ते काकांनाही ठाऊक नाही. पहिल्याच दिवशी हे सगळं एकदम का नाही सांगितलं, असं विचारलं तर उत्तर आलं, "तेव्हा फाइल बघितली नव्हती." कोणत्या नियमात वारसांची नाहरकत लागते ते लिहून द्या म्हटलं, तर "लिहून द्यायची पद्धत नाही."

मला राग याचा येतो की एवढ्या दिवसांत त्या विहिरीबद्दल कोणी एक अक्षर विचारलं नाही. पाणी किती खोल आहे, पावसात किती वर येतं, उतार कुठल्या बाजूला आहे, खड्डा जांभ्यात पडणार की मातीत? त्या विहिरीचं पाणी माझ्या शेजाऱ्यांची पोरं मे महिन्यात येऊन पितात. त्या पाण्याची काळजी म्हणून कोणी मला चार वेळा परत पाठवलं असतं तर मी आनंदाने गेले असते. इथे काळजी होती ती फक्त कागदाची.

शेवटी मी दोन अर्ज केले. एक आवक विभागात, पोच घेऊन: माझ्या प्रस्तावातल्या सर्व त्रुटी, त्या ज्या नियमाखाली काढल्या त्यासह, एकत्र लेखी कळवाव्यात. दुसरा माहितीच्या अधिकाराखाली, फाइलवर आजवर काय शेरे मारले आहेत त्याच्या प्रतींसाठी. त्याला 30 दिवसांत उत्तर द्यावंच लागतं. मुदत संपायच्या आत कार्यालयाचे अभियंता साहेब टेप घेऊन दारात उभे राहिले.

त्यांनी आधी विहिरीत डोकावून पाहिलं. मग टेप धरली, अंतर मोजलं. मग गड्याने चर मारून ठेवला होता तिथे उकिडवे बसून जांभ्याच्या भोकात बोट घातलं, आत कोपरापर्यंत हात गेला. म्हणाले, "ताई, इथे अंतर पुरेसं आहे, पण जांभा गाळत नाही, पाणी या भोकांतून सरळ पळतं. तळ काँक्रीटने बंद करा आणि खड्ड्याच्या भोवती अर्धा मीटर जाडीची वाळू भरा." जो सल्ला मला पहिल्या दिवशी मिळायला हवा होता, तो पंधरा मिनिटांत मिळाला. वारसांचा विषय त्यांनी काढलासुद्धा नाही. त्यानंतर परवानगी आली. ती हातात घेताना बरं वाटलं हे खरं, पण राग गेला नाही.

म्हणून पहिला अर्ज देतानाच पोच घ्या, आणि त्रुटी तोंडी ऐकून परत फिरू नका. खाडी अगदी जवळ असेल तर जागा सीआरझेडमध्ये, म्हणजे बांधकामावर निर्बंध असलेल्या किनारा नियमन क्षेत्रात, येते का, तेही नकाशावर खर्च करण्याआधी बघून घ्या.

आता कामाचं. जमीन पाणी किती शोषते ते मे महिन्यात पाहू नका, तेव्हा कातळसुद्धा पाणी पितो. श्रावणात पाहा. खड्ड्याच्या खोलीपर्यंत छोटं भोक घ्या, रात्रभर पाणी भरून ठेवा, सकाळी पाणी 25 मिलिमीटर उतरायला किती वेळ लागतो ते मोजा. अर्ध्या तासापेक्षा जास्त लागला तर शोषखड्डा तिथे चालणार नाही, दुसरी व्यवस्था इंजिनिअरला विचारा.

टँकचं माप घरात रोज राहणाऱ्या माणसांवर काढू नका. आम्ही दोघं असतो, पण गणपतीत आणि शिमग्याला दहा माणसं. दहा जणांसाठी दोन मीटर लांब, 90 सेंटिमीटर रुंद आणि दर दोन वर्षांनी उपसणार असाल तर एक मीटर पाण्याची खोली, वर 30 सेंटिमीटर मोकळी जागा. आमचे गवंडी चिऱ्यात, म्हणजे जांभ्याच्या घडीव दगडात, बांधूया म्हणून अडून बसले होते. चिरा झिरपतो, मी काँक्रीटच करून घेतलं. झाल्यावर काठोकाठ पाणी भरून एक दिवस ठेवलं आणि पातळी उतरते का ते खडूची रेघ मारून पाहिलं. तेच पाणी पावसाळाभर आत राहू दिलं. जमिनीतलं पाणी वर आलं की रिकामी टँक उचलली जाते, तयार प्लॅस्टिकची तर हमखास. न्हाणीचं पाणी टँकमध्ये सोडलेलं नाही, ते माडांना जातं.

उपसायची वेळ येईल तेव्हा पंपाची गाडीच बोलवा. कुणालाही आत उतरवू नका, हाताने मैला साफ करायला लावण्यावर बंदी घालणाऱ्या 2013 च्या कायद्याने तो गुन्हा आहे आणि आतला वायू क्षणात जीव घेतो. आणि टँकची जागा ठरवतानाच ती गाडी पाणंदीतून तिथवर पोचते का ते बघा. आमच्याकडे त्यासाठी गडग्याचा, म्हणजे दगडी कुंपणाचा, एक कोपरा काढावा लागला.