नाहीपूर

मी ८४ च्या दहावीचा. गिरण्यांचा संप १९८२ च्या जानेवारीत सुरू झाला तेव्हा आठवीत होतो. नववीत गेलो तरी लालबागचे भोंगे गप्पच. वर्गातल्या निम्म्या पोरांचे वडील घरी बसलेले, आणि नेमका तेव्हाच मराठीच्या बाईंनी निबंध दिला, ‘माझ्या स्वप्नातील मुंबई’. बहुतेकांनी चोवीस तास पाणी आणि रिकामी लोकल लिहिली. एकाने ‘भोंगा वाजेल’ एवढंच लिहिलं. त्याच्या वहीत बाईंनी लाल शाईची एकही खूण केली नाही.

वह्या वाटून झाल्यावर त्यांनी फळ्यावर ‘युटोपिया’ लिहिलं. थॉमस मोर या इंग्रजाचं १५१६ सालचं लॅटिन पुस्तक; नाव ग्रीक शब्दांवरून केलेलं, अर्थ ‘नसलेली जागा’. “आपण नाहीपूर म्हणू,” बाई म्हणाल्या. तिथे काम दिवसाला सहाच तास. (बाबांची पाळी आठ तासांची.) दारांना कुलूप नाही, याचं आम्हाला काही वाटलं नाही; चाळीत दिवसा दार लावतंय कोण? पण दर दहा वर्षांनी चिठ्ठ्या टाकून घरं बदलायची म्हटल्यावर वर्ग सावरून बसला. आणि सोनं कशासाठी, तर रात्री लघवीच्या भांड्यांसाठी! रोज सकाळी टमरेल घेऊन रांगेत उभी राहणारी पोरं आम्ही. असे हसलो की शेजारच्या वर्गातले सर डोकावून गेले.

हसू ओसरल्यावर मुलींच्या बाकावरून प्रश्न आला, “बाई, तिथे स्वयंपाक कोण करतं?”

बाईंनी खरं ते सांगितलं. स्वयंपाक बायकाच करतात, पाळीपाळीने. घाणीची कामं गुलाम करतात, आणि त्यांच्या बेड्याही सोन्याच्या.

“मग कसलं नाहीपूर? हे तर आहेपूरच!”

बाई ओरडतील असं वाटलं. उलट दुसऱ्या दिवशी त्यांनी रुकैया सखावत हुसेन यांची १९०५ ची ‘सुलतानाज ड्रीम’ सांगितली. बंगालच्या बाईने इंग्रजीत लिहिलेली गोष्ट: पुरुष पडद्यात, कारभार बायकांच्या हाती, चूल सूर्याच्या उष्णतेवर आणि काम दोनच तास. आम्हा मुलांची तोंडं बघण्यासारखी झाली होती. मला आजही मोरपेक्षा ही गोष्ट सरस वाटते. रुकैयांना आधी चूल दिसली. तास संपता संपता बाईंनी जोतीराव फुल्यांच्या ‘सार्वजनिक सत्यधर्मा’तलं घरही सांगितलं. आई बौद्ध, वडील ख्रिस्ती, मुलगी मुसलमान, मुलगा सत्यधर्मी, आणि सगळे एकत्र. “खोल्या किती, बाई?” मागून कुणीतरी विचारलंच.

पुढे गिरणी कामगारांच्या घरांची सोडत निघाली तेव्हा बाबांचा अर्ज मीच भरला. भरताना मोरच्या चिठ्ठ्या आठवल्या. तिथे चिठ्ठी प्रत्येकालाच लागायची. बाबांचा नंबर लागला नाही. अर्जाची पावती त्यांनी प्लास्टिकच्या पिशवीत, गिरणीच्या ओळखपत्राशेजारी ठेवली होती. अजून तिथेच आहे.